नसलेल्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम

ऑगस्ट १९४२. 'चले जाव'ची हाक दिली गेली आणि काँग्रेसच्या बारा नेत्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. नेहरू, पटेल, आझाद, पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव... सुरुवातीला वर्तमानपत्रही मिळत नसे. ग्रंथालय नाही, दप्तरखाना नाही. तरी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत नेहरूंनी येथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'ची सुमारे हजार हस्तलिखित पाने लिहून काढली. नगरकरांना ही गोष्ट तोंडपाठ आहे.

त्याच वर्षी १२ मार्चला घडलेली दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिले. मूलभूत संशोधनासाठी भारतात एक स्वतंत्र संस्था हवी, अशी मागणी त्यात होती. या पत्रातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, उभी राहिली. किल्ल्यातला कैदी आणि पत्र लिहिणारा शास्त्रज्ञ यांची कामे पुढे एका दिवशी एकत्र आली. जानेवारी १९६२ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी कुलाब्यातील टीआयएफआरच्या नव्या इमारतीचे उद्घाटन केले आणि तिथल्या एका यंत्राला नावही दिले : टिफ्रॅक. भारतात बांधलेला हा पहिला मोठा, सर्वसाधारण उपयोगाचा इलेक्ट्रॉनिक संगणक.

सॉफ्टवेअर अभियंत्याने अधिक परिणामकारक काम कसे करावे, या प्रश्नाची उत्तरे आज नव्या साधनांमध्ये शोधली जातात. या धाग्यात तो प्रश्न इतिहासाला विचारला आहे. महाराष्ट्रातील पहिल्या दोन-तीन पिढ्यांच्या प्रोग्रामरांकडे यंत्र जवळजवळ नव्हतेच. मग त्यांनी काम कसे केले?

टिफ्रॅकपासून सुरुवात करू. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका गटाने १९५० च्या दशकाच्या मध्यावर हे काम हाती घेतले. आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र बनवले आणि मग पूर्ण आकाराचे यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कार्यान्वित केले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक अशी त्याची सामग्री होती. स्मृती होती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार केला तर ही स्मृती अवघी दहा किलोबाइट भरते. आजच्या फोनवर कुणी 'शुभ सकाळ' म्हणून फुलांचे चित्र पाठवले, तर ते चित्र या स्मृतीत मावणार नाही.

या दहा किलोबाइटांत गणित करायचे, तर प्रोग्राम लिहिण्याआधी गणितच बदलावे लागे. समीकरण अशा रीतीने मांडायचे की मधली उत्तरे साठवून ठेवण्याची गरज पडू नये. जी संख्या पुन्हा काढता येते, ती जपायची नाही. हे काम कागदावर होई. यंत्र पूर्ण होईपर्यंत जगात ट्रान्झिस्टरचे युग सुरू झाले होते आणि निर्वात नळ्यांचा टिफ्रॅक जन्मतःच वृद्ध ठरला, ही टीका खरी आहे. पण यंत्र कालबाह्य झाले तरी ते बांधणारी आणि वापरणारी माणसे कालबाह्य झाली नाहीत. १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकी बनावटीचा सीडीसी ३६०० आला, तेव्हा तो चालवायला आणि देशभरातून येणाऱ्या शास्त्रज्ञांना फोरट्रान शिकवायला मुंबईत तयार माणसे होती.

सीडीसी ३६०० हा सगळ्या देशाचा संगणक होता. त्यामुळे काम करण्याची एक शिस्त आपोआप तयार झाली. ती नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

प्रोग्रामर आधी छापील कोडिंग शीटवर पेन्सिलीने, एका चौकोनात एक अक्षर, असा प्रोग्राम लिही. मग पंच ऑपरेटर तो पंच कार्डांवर छिद्रांच्या रूपात उतरवी. एका कार्डावर ८० स्तंभ, म्हणजे प्रोग्रामची एक ओळ. दुसरा ऑपरेटर तीच ओळ पुन्हा टंकून पडताळणी करी. जगभर या कामावर स्त्रियांची संख्या मोठी होती आणि संगणकाच्या इतिहासात त्यांची नावे क्वचितच आढळतात. कार्डांचा गठ्ठा मग खिडकीतून आत द्यायचा. रात्री कधीतरी तो यंत्रातून जाई. दुसऱ्या दिवशी रुंद, कडेला भोके असलेल्या कागदावर उत्तर मिळे. उत्तर नसेल तर चूक मिळे.

कोबोल भाषेत वाक्य पूर्णविरामाने संपते. तो एक टिंब राहिला की यंत्राला पुढचे वाक्य मागच्याचाच भाग वाटे आणि चुकांची पानेच्या पाने छापून येत. एका टिंबाची किंमत एक दिवस.

गठ्ठा हातातून पडण्याचे भय तर कायमचेच. म्हणून जाणती माणसे गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर शाईने तिरकी रेघ ओढून ठेवत. कार्डे विस्कटली तर रेघ तुटलेली दिसे आणि ती पुन्हा जुळवून लावता येई. शिवाय कार्डाच्या ठरावीक स्तंभांत क्रमांक छिद्रित करण्याची सोय होती. ओळींचा क्रम जपण्यासाठी आज जी साधने आपोआप काम करतात, त्यांची ही आजी म्हणायला हरकत नाही.

एक फेरी दिवसाची असेल, तर माणूस कसे काम करतो? तो प्रोग्राम आधी स्वतः चालवून पाहतो. कागदावर चलांची यादी करायची, प्रत्येक ओळीनंतर कोणाची किंमत काय झाली ते लिहीत जायचे. शेवटी उत्तर हाताने काढलेल्या उत्तराशी जुळते का, ते पाहायचे. मग शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला तीच पाने द्यायची. स्वतःच्या लेखनातील चूक स्वतःला दिसत नाही, हे मुद्रितशोधकांना जसे ठाऊक असते तसे या लोकांनाही ठाऊक झाले. १९७६ मध्ये आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी प्रोग्रामच्या अशा तपासणीची रीतसर पद्धत प्रसिद्ध केली. टेबलावरची तपासणी ही चाल मात्र त्याआधीपासून, यंत्र महाग असलेल्या प्रत्येक ठिकाणी होती.

टंचाईचे गोडवे गाण्याचा मोह येथे आवरायला हवा. कार्डांच्या गठ्ठ्यापाशी वाट पाहण्यात पुष्कळ बुद्धिमान माणसांची उमेदीची वर्षे गेली. दिवसाला एकच प्रयोग करता येत असेल, तर धाडसी प्रयोग कुणी करत नाही. टंचाईने सावधपणा शिकवला, पण कल्पकतेवर कर बसवला, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

आता १९६८. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या आश्रयाखाली एक परिषद भरली. प्रोग्राम मोठे होत चालले होते, ठरल्या वेळेत पुरे होत नव्हते, पुरे झाले तरी चुकत होते. या दुखण्यावर उपाय म्हणून 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' हा शब्दप्रयोग तिथे मुद्दाम पुढे करण्यात आला. पूल बांधणाऱ्याची शिस्त प्रोग्राम लिहिणाऱ्याला लागावी, असा हेतू. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईत टाटा सन्सचा एक विभाग म्हणून टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे टीसीएस, सुरू झाली. पुढच्या वर्षी तिची सूत्रे फकीरचंद कोहली यांच्याकडे आली. पेशावरात जन्मलेले कोहली मूळचे विद्युत अभियंते. मुंबईला वीज पुरवणाऱ्या टाटा इलेक्ट्रिकमध्ये त्यांनी वीजजाळ्याच्या नियंत्रणासाठी संगणक वापरला होता. त्यांच्या दृष्टीने संगणक म्हणजे जाळ्याचा समतोल राखणारे यंत्र होते, निव्वळ हिशेबाचे नव्हे. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

सुरुवातीची कामे साधी होती. टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी पंच कार्डांची सेवा, सेंट्रल बँकेच्या शाखांमधील व्यवहारांचा ताळमेळ, युनिट ट्रस्टचे हिशेब. देशात संगणकाकडे संशयाने पाहिले जात होते. विमा आणि बँकांतील कर्मचाऱ्यांच्या संघटनांना भीती होती की हे यंत्र कारकुनाची खुर्ची खाईल. ती भीती खुळी नव्हती, बेकारी खरोखरच मोठी होती. सरकारने स्वयंचलनावर एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांच्याकडे दिले. दारिद्र्याचा अभ्यास करणारा अर्थशास्त्रज्ञ संगणकाबद्दलचा निवाडा देतो, यातच त्या काळाची मनोवृत्ती दिसते. अहवाल १९७२ मध्ये आला.

दुसरी अडचण परकीय चलनाची. संगणक आयात करायचा तर डॉलर हवेत आणि डॉलर तिजोरीत नव्हते. १९७३ च्या तेलसंकटाने तर परिस्थिती आणखी कठीण केली. अशा वेळी सरकारची अट अशी की यंत्र आणायचे असेल, तर सॉफ्टवेअर निर्यात करून परकीय चलन मिळवून देण्याची हमी द्या. यंत्र मिळवण्यासाठी निर्यात हवी आणि निर्यातीसाठी यंत्र हवे, असा हा पेच होता.

१९७४ मध्ये अमेरिकेतील बरोज या संगणक कंपनीचे काम टीसीएसकडे आले. एका रुग्णालयाच्या कामकाजाचे सॉफ्टवेअर होते. ते बरोजच्या मध्यम आकाराच्या यंत्रांसाठी कोबोलमध्ये लिहिलेले होते. तेच आता बरोजच्या छोट्या यंत्रांच्या कोबोलमध्ये हवे होते. भाषा एकच, पण बोली वेगळी. नगरी माणसाला वऱ्हाडी कळते, तरी दोघांच्या काही शब्दांवर अडखळायला होते, तसा हा प्रकार. यंत्र मात्र अडखळत नाही, ते थांबते.

मुंबईत ना मध्यम आकाराचे बरोज यंत्र होते, ना छोटे. होता तो ब्रिटिश बनावटीचा आयसीएल १९०३. या तीन यंत्रांत साम्य शोधणे कठीण होते. आयसीएलचा शब्द २४ बिटांचा आणि त्यात सहा बिटांची चार अक्षरे. बरोजची मध्यम यंत्रे दशमान पद्धतीने, अंकाअंकाने स्मृती मोजणारी. छोटी यंत्रे तर त्या काळातील एक नवलच : प्रत्येक भाषेसाठी यंत्राचा अंतर्गत स्वभावच बदलून घेण्याची सोय त्यांत केलेली. म्हणजे काम असे की ज्या यंत्रासाठी प्रोग्राम मूळचा लिहिला, ते समोर नाही. ज्यासाठी लिहायचा, तेही समोर नाही. समोर आहे ते यंत्र या दोघांपैकी कोणाचीच बोली बोलत नाही.

सरळ मार्ग एकच दिसतो. माणसे बसवायची, प्रोग्रामची प्रत्येक ओळ वाचायची आणि हाताने बदलायची. भारतात माणसे स्वस्त होती, त्यामुळे हा मार्ग परवडलाही असता. पण हाताने बदललेल्या हजारो ओळींत चूक कुठे राहिली, हे तपासायला यंत्रच नव्हते. एकाच प्रकारचा बदल एका माणसाने शंभर ठिकाणी केला, तर पंधराव्या ठिकाणी त्याचे लक्ष उडते. दहा माणसांनी केला, तर दहा प्रकारांनी होतो.

मुंबईतील गटाने वेगळा मार्ग निवडला. आयसीएल १९०३ वर एक असा प्रोग्राम लिहिला की तो दुसरा प्रोग्राम वाचेल आणि त्याचे रूपांतर करेल. आयसीएलला बरोजचा प्रोग्राम चालवता येत नव्हता, पण वाचता तर येत होता. यंत्राच्या लेखी कोबोलची ओळ हा निव्वळ मजकूर, बँकेच्या खातेवहीतील नोंदीसारखा. रूपांतराचे असे प्रोग्राम ओळ वाचतात, तिचा साचा ओळखतात, ठरलेला नियम लावून ती नव्या बोलीत लिहितात. जी ओळ नियमात बसत नाही, ती बाजूला काढून माणसापुढे ठेवतात. माणसाने लक्ष द्यायचे ते तेवढ्याच ओळींकडे.

या निर्णयात बारकाईने पाहण्यासारखे काय आहे? साधन लिहायला वेळ लागतो. पहिले काही आठवडे काहीच पुढे सरकल्यासारखे दिसत नाही. हाताने काम करणारा गट पहिल्या दिवसापासून 'इतक्या ओळी झाल्या' असे सांगू शकतो, तर साधन लिहिणाऱ्या गटाकडे दाखवायला शून्य ओळी असतात. पण चूक सापडली की हाताने काम करणाऱ्याला ती शंभर ठिकाणी शोधावी लागते. साधन लिहिणारा एक नियम सुधारतो आणि सगळे पुन्हा एकदा यंत्रातून काढतो. शिवाय नियम लिहायचा तर दोन्ही बोलींतील फरक नेमका काय, हे शब्दांत मांडावेच लागते. अंदाजाने भागत नाही. ज्ञान माणसाच्या डोक्यातून बाहेर येऊन कागदावर उतरते. तो माणूस नोकरी सोडून गेला तरी ते मागे उरते.

काम यशस्वी झाले. भारतीय सॉफ्टवेअर निर्यातीच्या इतिहासात हा आरंभीचा टप्पा मानला जातो. त्याचे वर्णन बहुधा 'स्वस्त मनुष्यबळाची सुरुवात' असे केले जाते, आणि हे वर्णन अपुरे आहे. मनुष्यबळ स्वस्त होते हे खरेच, पण पहिल्याच कामात त्यावर भिस्त न ठेवता मनुष्यबळ वाचवणारे साधन बनवले गेले, हेही तितकेच खरे. पुढच्या इतिहासाने यांतील पहिली बाजू उचलली आणि दुसरी विसरली.

ती का विसरली गेली, याचे उत्तर हिशेबाच्या पद्धतीत आहे. सॉफ्टवेअरचा व्यवसाय वाढला तसा मोबदला माणसांच्या तासांवर ठरू लागला. इतकी माणसे, इतके महिने, दर इतका. अशा करारात चाळीस माणसांचे काम करणारे साधन दोन अभियंत्यांनी बनवले, तर कंपनीचे उत्पन्न घटते. अभियंत्याने परिणामकारक काम करणे आणि त्याच्या कंपनीला पैसे मिळणे या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढू लागतात. तरुण अभियंत्याला 'कार्यक्षम व्हा' असे सांगणारी पुस्तके या ओढाताणीबद्दल सहसा गप्प असतात. एखाद्या कार्यालयात रात्री उशिरापर्यंत बसणारा मेहनती ठरतो आणि काम चार वाजता आटोपणारा संशयास्पद, याचे मूळ माणसाच्या स्वभावात कमी आणि बिलाच्या रकान्यात जास्त आहे.

माणसे वाढवून काम वाढत नाही, हे तर १९७५ मध्येच लिहिले गेले होते. आयबीएमच्या एका अवाढव्य प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात दाखवून दिले की रखडलेल्या प्रकल्पावर आणखी माणसे टाकली, तर तो आणखी रखडतो. नव्या माणसांना शिकवावे लागते आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावे लागते. सात माणसांत जोड्या होतात एकवीस. पन्नास माणसांत एक हजार दोनशे पंचवीस.

सात या आकड्यावरून पुण्यात यावे लागते. १९८१ मध्ये पुण्यात दोन गोष्टी घडल्या. नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी इन्फोसिस स्थापन केली. भांडवल दहा हजार रुपये आणि संगणक एकही नाही. स्वतःचे पहिले यंत्र या कंपनीला १९८३ मध्ये, बंगळूरला गेल्यावर मिळाले. तोवर तिचे अभियंते अमेरिकेतील ग्राहकाच्या यंत्रावर काम करत. संगणक नसलेली संगणक कंपनी ही आज विनोदासारखी वाटणारी गोष्ट त्या काळी अपवाद नव्हती.

दुसरी गोष्ट कमी गाजलेली. टाटांनी पुण्यात एक संशोधन केंद्र उभारले, टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर. पुढे ते हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत स्थिरावले. सॉफ्टवेअर लिहिण्याची साधने तयार करणे हा तेथील एक मुख्य उद्योग. तेथे केशव नोरी हे संगणकशास्त्रज्ञ आले. १९७० च्या दशकात झुरिकमध्ये निकलाउस विर्थ यांच्या गटात पास्कल भाषेच्या ज्या सुप्रसिद्ध भाषांतरकावर काम झाले, त्याच्या कर्त्यांपैकी ते एक.

त्या भाषांतरकाची युक्ती १९७४ च्या मुंबईतील युक्तीची चुलत बहीण शोभते. दहा प्रकारच्या यंत्रांसाठी दहा भाषांतरक लिहिण्याऐवजी एका काल्पनिक, कोठेही अस्तित्वात नसलेल्या यंत्रासाठी एकच लिहायचा. मग प्रत्येक खऱ्या यंत्रावर त्या काल्पनिक यंत्राची नक्कल करणारा छोटासा प्रोग्राम बसवायचा. अवघड काम एकदाच, सोपे काम प्रत्येक ठिकाणी. यामुळेच पास्कल भाषा जगभरच्या विद्यापीठांत झपाट्याने पोहोचली. मुंबईत दूरच्या यंत्रासाठी लिहिले गेले, झुरिकमध्ये कधीच न बांधलेल्या यंत्रासाठी.

दरम्यान काळ बदलत होता. सरकारी अटी मान्य नसल्याने आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून काढता पाय घेतला. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयातीची दारे किलकिली केली. अंधेरीच्या सीप्झमध्ये यंत्रे वाढली. पडदा आणि कळफलक आले, कार्डे गेली. चुकीची किंमत एका दिवसावरून काही सेकंदांवर आली आणि कागदावर आधी चालवून पाहण्याची सवय एका पिढीत नाहीशी झाली. ती जाणे अटळ होते. पण तिच्याबरोबर शेजारच्या टेबलावर पाने देण्याची सवयही अनेक ठिकाणी गेली, हा तोटा कुणाच्या लक्षात आला नाही. कोणतेही काम सहकाऱ्याने वाचल्याशिवाय स्वीकारायचे नाही, हा नियम पुढे मोठ्या कंपन्यांनी पुन्हा नव्याने शोधल्यासारखा लागू केला.

कार्डे गेली, पण कार्डांचा हिशेब राहिला. ऐंशी स्तंभांत जन्मतारीख, खाते क्रमांक, रक्कम सगळे बसवायचे म्हणून वर्षाचे पहिले दोन अंक गाळण्याची प्रथा पडली होती. १९७४ लिहायचे ते नुसते ७४. दोन स्तंभांची बचत. १९६० आणि १९७० च्या दशकांत ही काटकसर शहाणपणाची होती. ते प्रोग्राम तीस वर्षे टिकतील, असे तेव्हा कुणालाच वाटले नव्हते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जगभरच्या बँका आणि विमा कंपन्यांना कळून चुकले की ९९ नंतर ०० आले की यंत्राला आपण १९०० मध्ये आहोत असे वाटेल.

कोट्यवधी ओळी वाचून तारखा शोधायच्या होत्या, त्याही बहुतांशी जुन्या कोबोलमध्ये. जगात नव्या पिढीने कोबोल टाकून दिले होते, भारतात ते जाणणारे अभियंते भरपूर होते. मुंबई, पुणे, चेन्नई, बंगळूर येथे हे काम लोटले. पुन्हा तोच प्रश्न : हाताने करायचे की साधनाने? या वेळी आकार इतका प्रचंड होता की साधनाशिवाय पर्यायच नव्हता. तारखेसारखे वागणारे चल शोधणारे, ते कोठून कोठे जातात याचा माग काढणारे, बदल सुचवणारे प्रोग्राम लिहिले गेले. नियमात न बसणारी ओळ माणसापुढे ठेवायची, ही १९७४ ची वाटणी जशीच्या तशी परत आली. ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र पुष्कळ अभियंत्यांनी कार्यालयातच काढली. मोठे काही बिघडले नाही, आणि त्यामुळेच 'उगाच बागुलबुवा होता' असे म्हणणारेही निघाले. बिघाड टाळणाऱ्याच्या वाट्याला बहुधा हेच येते, कारण न फुटलेल्या धरणाची बातमी होत नाही.

आज नगर, श्रीरामपूर, संगमनेर येथून मुले-मुली शिकून हिंजवडीत येतात. त्यांच्या हातात प्रोग्राम लिहून देणारी नवी साधने आहेत, आणि सुमारे पन्नास वर्षांपूर्वी नरिमन पॉइंट परिसरात विचारला गेलेला प्रश्न त्यांच्याही पुढे आहे. साधनाने केलेल्या रूपांतरातली कोणती ओळ माणसाने वाचायची आणि कोणती नाही, आणि हे ठरवायला दोन्ही बोली किती नीट याव्या लागतात?

त्यांच्या पडद्यावर, कोड लिहिण्याच्या खिडकीत, उजव्या बाजूला पुष्कळदा एक फिकट उभी रेघ दिसते. ओळ तिच्या पलीकडे जाऊ नये, असा संकेत आहे. पायथन भाषेच्या लेखननियमांत ही मर्यादा ७९ अक्षरांची दिली आहे. ती रेघ जिथे आहे, तिथे पूर्वी पंच कार्डाची कड होती.